बाजारच्या दिवशीची ओपीडी

बीड जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी म्हणून रुजू झाले, तेव्हा दर्शनी भिंतीवरच्या पाट्यांमध्ये एक पाटी होती : 'ज्येष्ठ नागरिक तपासणी, दर गुरुवारी'. गुरुवारी म्हातारी माणसं येत नव्हती असं नाही. सोमवारी यायची, बुधवारी यायची, तशीच गुरुवारीही यायची. केसपेपरच्या खिडकीशी ताटकळायची, आत येऊन "गुडघे लई दुखायलेत बाई" म्हणायची आणि वेदनाशामक गोळ्या घेऊन जायची. त्या दिवशी आलेल्या साठीपुढच्यांची नावं वेगळ्या पानावर उतरवली की कार्यक्रम पार पडला.

कार्यक्रम म्हणजे राष्ट्रीय वयोवृद्ध आरोग्य सेवा कार्यक्रम. केंद्र सरकारनं तो २०१०-११ मध्ये आणला. कागदावर त्याची मांडणी चोख आहे : प्राथमिक केंद्रात आठवड्यातून एकदा ज्येष्ठांची ओपीडी, ग्रामीण रुग्णालयात दोनदा, जिल्हा रुग्णालयात रोज आणि शिवाय दहा खाटांचा वॉर्ड. त्याआधीच्या २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात तर सरकारी दवाखान्यात ज्येष्ठांची रांग वेगळी असावी, हेही लिहून ठेवलंय. आमच्याकडे ती रांग पाटीपुरती होती.

म्हातारी माणसं किती, याचा मी एकदा अंदाज काढला. सपाटीच्या भागात साधारण ३० हजार लोकवस्तीमागे एक प्राथमिक केंद्र, हा निकष. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठी ओलांडलेले ९.९ टक्के होते. म्हणजे एका केंद्राच्या वाट्याला तीनएक हजार म्हातारी माणसं, आणि हा हिशेब जुन्या जनगणनेचा. त्यात आमचा भाग ऊसतोडीचा. दसरा-दिवाळी झाली की टोळ्या निघतात, कुणी सांगली-कोल्हापूरकडं, कुणी कर्नाटकात. कोयता चालवू शकणारी माणसं गेली की गावात उरतात आजी-आजोबा आणि शाळकरी नातवंडं. गुढीपाडव्याच्या सुमाराला टोळ्या परततात. तोवर पाच-सहा महिने आमच्या ओपीडीचं सरासरी वय चांगलंच वाढलेलं असतं.

सुरुवात वारापासून केली. आमच्या गावचा बाजार मंगळवारी. वाड्यावस्त्यांवरून टमटम धावतात त्या मंगळवारीच; गुरुवारी यायचं तर कुणाच्या तरी मोटरसायकलीमागं बसावं लागतं. शिवाय श्रावणबाळ योजनेचे पैसे काढायला म्हातारी माणसं बँकेत येतात तीही बाजारच्याच दिवशी. मग आपली ओपीडी गुरुवारी कशाला? हे मी बैठकीत मांडलं तेव्हा आमच्या मोठ्या सिस्टर स्पष्ट म्हणाल्या, "मॅडम, मंगळवारी आधीच पाय ठेवायला जागा नसती. त्यात म्हाताऱ्यांना निवांत तपासायचं म्हणता, कसं व्हायचं?" बरोबरच होतं त्यांचं. वरच्या कार्यालयात विचारलं तर पत्रात गुरुवार दिलाय, बदलायचा तर तसा प्रस्ताव पाठवा, असं उत्तर आलं. प्रस्ताव पाठवला. त्याचं पुढं काय झालं ते आजतागायत कळलेलं नाही. शेवटी आमच्या क्लार्कनंच वाट काढली : "अहवालात वार कुठं विचारतेत? तारीख विचारतेत. मंगळवारची तारीख टाका."

गर्दीवरचा उपायही तितकाच साधा निघाला. लसीकरणाची खोली मंगळवारी रिकामी असायची. तिथं बाक नाही, पाठ टेकायला येईल अशा खुर्च्या टाकल्या. बाहेर गर्दी वाढायच्या आत, नऊ ते अकरा, ही खोली फक्त म्हाताऱ्यांची. आमच्याकडं एका माणसाला चार ठिकाणी उभं राहावं लागायचं : केसपेपर, मी, रक्ततपासणी, औषधाची खिडकी. गुडघ्यानं हैराण झालेल्या बाईला चार रांगांत उभं करून शेवटी गुडघ्याचीच गोळी द्यायची, यातला विनोद आम्हा कुणालाच जाणवलेला नव्हता. आता तिनं खुर्चीत बसायचं आणि फिरायचं आम्ही. सिस्टर केसपेपर तिथंच लिहितात, लॅबवाला सुई-बाटली घेऊन तिथंच येतो, फार्मासिस्ट शेवटी औषधांचा ट्रे घेऊन चक्कर मारतो. संडासात धरायला एक लोखंडी दांडी बसवून घेतली. ती बसवायला लागलेला वेळ आणि पत्रव्यवहार यावर वेगळा लेख होईल.

एवढ्यावर गर्दी जमायला लागली. पण काम कशाचं करायचं ते पिशव्यांनी शिकवलं.

आशाताईंना निरोप दिला होता, येताना घरातली झाडून सगळी औषधं पिशवीत घालून आणायला सांगा. सरकारी, खाजगी, मेडिकलमधून परस्पर आणलेली, लेकानं पाठवलेली, सगळी. एक आजी साडीच्या दुकानाची पिशवी घेऊन आल्या आणि ती माझ्या टेबलावर पालथी केली. बीपीची अ‍ॅम्लोडिपिन दोन वेगवेगळ्या नावांनी निघाली, एक आमची आणि एक तालुक्याच्या डॉक्टरची. आजी दोन्ही घेत होत्या. त्या गोळीनं पुष्कळांच्या पायांना सूज येते, यांनाही आली होती. ती सूज बघून तिसऱ्या कुणीतरी लघवी वाढवणारी गोळी दिली होती. त्यामुळं रात्री तीन-तीनदा उठणं. अंधारात उठताना चक्कर, आणि पोळ्याच्या आसपास उंबऱ्यात पडून मनगट मोडलेलं. पिशवीत डायक्लोफेनॅक होती, गुडघ्यासाठी आणि आता मनगटासाठीही. ही गोळी रोज घेतली तर बीपी वाढवते आणि मूत्रपिंडाला इजा करते. सर्दीची गोळी होती, सर्दी नसताना. झोप लागते म्हणून घेत होत्या. त्या जुन्या सर्दीच्या गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसाला भ्रम होतो, लघवी तुंबते. आणि तळाशी वर्तमानपत्राच्या पुडीत सुट्ट्या अर्ध्या पांढऱ्या गोळ्या, "त्या घेतल्या की अंग हलकं होतं."

आडवं झोपवून बीपी घेतला, मग उभं करून एका मिनिटानं आणि तीन मिनिटांनी पुन्हा घेतला. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं उतरला तर समजायचं की उभं राहताना मेंदूकडं रक्त पुरेसं पोचत नाही. आजींचा वरचा आकडा त्याहून जास्त उतरला. म्हणजे सूज, रात्रीचं उठणं, चक्कर, मोडलेला हात, ही सगळी एकाच माळेतली मणी, आणि माळ ओवली डॉक्टरांनी. प्रत्येकानं समोरच्या तक्रारीपुरतं बरोबरच दिलं होतं. पिशवी कुणी उघडली नव्हती.

दुहेरी बीपीची गोळी, लघवीची, सर्दीची आणि डायक्लोफेनॅक काढली. दुखण्याला साधी पॅरासिटामॉल आणि मांडीच्या स्नायूंचा व्यायाम सांगितला. अर्ध्या पांढऱ्या गोळीचा मात्र मला धसका होता. ती स्टेरॉइड असावी असा अंदाज होता, आणि महिनोन्‌महिने घेतलेलं स्टेरॉइड एकदम तोडता येत नाही. शरीर स्वतःचं बनवायचं विसरलेलं असतं. अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या एका डॉक्टरांशी फोनवर बोलून ते हळूहळू कमी करत नेलं. आजी मात्र माझ्यावर नाराज. "बाई, म्या एवढ्या लांबून आले. सुई तर दिलीच न्हाई, अन् हायत्या गोळ्याबी काढून घेतीस व्हय?" त्यांची समजूत मी नाही, शेजारच्या खुर्चीतल्या दुसऱ्या आजींनी काढली. त्यांच्या गोळ्या पंधरवड्याआधी निम्म्या केल्या होत्या आणि त्या आता रात्री सलग झोपत होत्या. एका खोलीत गोलाकार बसवण्याचा हा फायदा मी धरलेलाच नव्हता.

तेव्हापासून मंगळवारच्या दोन तासांतला जास्त वेळ पिशव्यांनाच जातो. औषध सुरू करण्यापेक्षा थांबवायला वेळ जास्त लागतो, हे कुठल्याही अहवालाच्या रकान्यात मावत नाही. साखरेचंही तसंच. अशक्त, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाची साखर तरुणाइतकी खाली आणायची नसते. खाली घसरली तर जास्त धोका. आमच्याकडं एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार धरणारी माणसं पुष्कळ. उपास कडक आणि साखर उतरवणारी ग्लिमेपिराइड मात्र सकाळी न चुकता. उपासाच्या दिवशी घाम फुटून गळून पडलेली माणसं 'अशक्तपणा' म्हणून सलाईन लावायला यायची. आता नवीन केसपेपरवर सिस्टर पहिल्यांदा उपासाचे वार लिहितात आणि फार्मासिस्ट त्या वारी ती गोळी घ्यायची नाही, असं दोनदा सांगतो. आषाढी वारीला चालत जाणाऱ्यांची यादी वेगळी.

पिशवीच्या जोडीला तपासणी. जागतिक आरोग्य संघटनेनं ज्येष्ठांसाठी सोप्या चाचण्या सुचवल्या आहेत, यंत्र लागत नाही. हात छातीशी बांधून खुर्चीतून पाचदा उठून बसायचं. १४ सेकंदांत जमलं नाही तर पायातली ताकद कमी झालीय समजा. मागं हातभर अंतरावर उभं राहून कुजबुजायचं आणि तेच शब्द परत म्हणायला लावायचे. तीन शब्द सांगून थोड्या वेळानं विचारायचे. पुस्तकातल्या शब्दांऐवजी आमच्या सीएचओनं (उपकेंद्रावरच्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यानं) 'विळा, बैल, भाकर' ठरवले. खुर्चीची चाचणी सुरू झाली की बघणारेच मोठ्यानं मोजतात, आणि एखाद्या बाबांना सहज जमलं तर ते उगाच सहाव्यांदाही उठून दाखवतात.

या कुजबुजीनं एक गोष्ट उघड केली. घरच्यांनी 'डोकं फिरलंय' म्हणून आणलेल्या काही जणांना विसर पडत नव्हता, ऐकूच येत नव्हतं. विचारलं एक आणि उत्तर दिलं भलतंच, की घरात निकाल लागलेला : म्हातारा भ्रमिष्ट झाला. दोघांच्या कानात तर फक्त मळ होता. तेलाचे थेंब घालून आठवड्यानं कान धुतला, झालं. सगळ्यांचं इतकं स्वस्तात भागत नाही. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ पुढच्या, वर्षाला दोन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांच्या खात्यात एकरकमी ३ हजार रुपये येतात, काठी, चष्मा, श्रवणयंत्र असल्या वस्तूंसाठी. काठी आणि चष्मा त्यात होतो. बरं श्रवणयंत्र होत नाही.

पडणाऱ्यांमध्ये बायका जास्त, आणि आमच्या भागात त्याला एक जास्तीचं कारण आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या तिशी-चाळिशीत काढल्याचा विषय २०१९ मध्ये गाजला, राज्य सरकारनं समितीही नेमली. चर्चा झाली ती त्या वयाच्या बायकांची. पिशवीसोबत अंडाशयंही गेली असतील तर हाडं लवकर ठिसूळ होतात. त्याच बायका साठीला पोचल्या की उंबऱ्यात पडून खुबा मोडून आमच्यापुढं येतात. म्हणून आता साठीच्या बाईला मी न चुकता विचारते, पिशवी कधी काढली आणि कागद आहेत का. कागद बहुतेकींकडं नसतात.

औषध किती दिवसांचं द्यायचं, यावरून आमचं फार्मासिस्टशी बरेच दिवस चाललं. बीपी-शुगरच्या गोळ्या दहा दिवसांच्या द्यायची पद्धत होती. दहा दिवसांनी पुन्हा टमटमचं भाडं, पुन्हा दिवस मोडायचा. दुसऱ्या खेपेला माणूस येत नाही आणि गोळी सुटते. देशात २०१७ मध्ये सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमानं पहिल्यापासून ३० दिवसांच्या गोळ्या एकदम देण्यावर भर दिलाय, आणि त्याच्या पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. मग आपण का नाही? फार्मासिस्टचं म्हणणं, "मॅडम, इंडेंट (औषधांची मागणी) मागच्या खपावर मंजूर होतं. खप दहा दिवसांच्या हिशेबाचा. महिन्याचं वाटलं तर पंधरा तारखेला माझं कपाट रिकामं." त्यातही तथ्य होतं. मग आशाताईंकडून नियमित रुग्णांची नावानिशी यादी घेतली, गोळ्या मोजल्या आणि ती यादी इंडेंटला जोडली. पहिल्यांदा मागितलं त्याच्या निम्मं मिळालं. यादी जोडत राहिलो, तसतसं वाढत गेलं. अजूनही पावसाळ्याच्या तोंडाला ओढाताण होते, पण दहा दिवसांवर परत गेलो नाही. हंगामाआधी टोळीबरोबर जाणाऱ्या म्हाताऱ्यांना (अशीही असतात, कोपीवर म्हणजे तिथल्या झोपडीत नातवंडं सांभाळायला नेतात) दोन-तीन महिन्यांचं बांधून देतो. पुड्यांवर सूर्य आणि चंद्र काढून.

जी माणसं बाजारालाच येऊ शकत नाहीत त्यांचं काय, हा प्रश्न मोठा आणि आमचं उत्तर तोकडं. आशाताईंनी अंथरुणाला खिळलेल्यांची यादी केली. सीएचओ आणि सिस्टर जमेल तसं घरी जातात, जखम धुतात, लघवीची नळी बदलतात. केरळात १९९३ मध्ये कोळिकोडला एका दवाखान्यापासून असं काम सुरू झालं. पुढं गावातले लोकच त्यात उतरले आणि २००८ मध्ये त्या राज्यानं त्यासाठी धोरण केलं. तिथलं वाचून आम्हीही उत्साहानं घरच्यांना शिकवायला गेलो : दर दोन तासांनी कूस बदला, टाचेखाली घडी ठेवा, पाठीला जखम होणार नाही. पण हंगामात घरी असतं कोण? एका घरी ते सगळं सातवीतल्या नातीला शिकवलं. तिनं वहीत तासांचा तक्ता आखला. शाळेत जाते त्या वेळेपुढं तिनं शेजारच्या काकूंचं नाव लिहिलं होतं, त्यांना न विचारता. काकूंनी ते निभावलं, हे विशेष. अशा घरांसाठी पगारी माणूस लागतो, मदतनीस म्हणा किंवा काहीही म्हणा. शेजारधर्मावर यंत्रणा उभी राहत नाही.

राहिला कार्डाचा विषय. सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना, उत्पन्न न बघता, आयुष्मान भारतमधून वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मोफत, असा निर्णय सप्टेंबर २०२४ मध्ये झाला आणि २९ ऑक्टोबरला वय वंदना कार्ड सुरू झालं. आम्ही मंगळवारच्या खोलीतच कार्डं काढायला बसवलं. जन्मभर कोयता धरलेल्या बोटांचे ठसे मशीन घेत नाही. चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय आहे, तिनं बऱ्याच जणांचं भागतं. वय आधारवर असेल तेच धरतात, आणि आमच्याकडच्या निम्म्या म्हाताऱ्यांचा जन्म आधारच्या मते १ जानेवारीचा. जे पंचाहत्तरीचे दिसतात आणि कागदावर अडुसष्टचे आहेत, त्यांना थांबा म्हणून सांगावं लागतं. कार्ड चांगलंच आहे, मी त्याच्या बाजूची आहे. पण ते दाखल झाल्यावर चालतं. रोजच्या गोळ्या, गाडीभाडं, सोबत आलेल्या माणसाची बुडालेली मजुरी हे त्यात नाही. सरकारी दवाखान्यातली तपासणी आणि औषधं तशीही ऑगस्ट २०२३ पासून राज्यात मोफतच आहेत. म्हाताऱ्या माणसाचं अडतं ते बिलावर कमी आणि 'सोबत कोण येणार' यावर जास्त.

मोतीबिंदूचंच घ्या. देशाचा अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासूनचा, शस्त्रक्रिया मोफत, गाडीही मिळते. आमच्या यादीत पिकलेले मोतीबिंदू भरपूर. नेत्र विभागाची शिबिरं मात्र थंडीत, म्हणजे ऐन हंगामात. माणूस तपासणीला येतो, नाव लागतं, गाडीच्या दिवशी गैरहजर. आशाताई घरी गेल्या की उत्तर ठरलेलं : "पोरगं कारखान्यावरून आलं की जाईन." म्हणून आम्ही नेत्र विभागाला विनंती केली की आमच्या केंद्राची गाडी पाडव्यानंतर ठेवा, तेव्हा घरात लेक-सून असतात. ते तयार झाले. आता म्हातारी माणसं तयार नाहीत, कारण उन्हाळ्यात डोळ्याचं ऑपरेशन करायचं नसतं, डोळा पिकतो, हे सगळ्यांना ठाम माहीत. पूर्वी मोठा छेद घेऊन टाके घालायचे, तेव्हा थंडीतला आराम बरा वाटत असेल. आता छेद बारीक आणि बहुधा बिनटाक्याचा, त्याला ऋतू लागत नाही. हे मी खोलीत बऱ्याच मंगळवारी सांगितलं. पहिली गाडी अर्धी रिकामी गेली.

गेलेल्यांतले एक बाबा आता दर मंगळवारी काम नसताना येऊन बसतात आणि नवीन माणसाला काळा चष्मा काढून डोळा दाखवतात. दुसरी गाडी पेरणीआधी न्यायचं ठरलंय. या वेळी नावांपुढं सोबत येणाऱ्याचं नाव आणि फोन नंबर घेतोय, आणि ज्यांच्या घरी कुणीच नाही त्यांच्यासोबत एखादी आशाताई पाठवली तर तिचा दिवस कशात धरायचा, यावर वरच्या कार्यालयाशी पत्रव्यवहार चालू आहे.